पार्ट नवे, तरी काटा लाल पट्ट्यात

पुण्याकडून येणाऱ्या गाड्या खंबाटकी घाट चढून साताऱ्याच्या बाजूला उतरतात, तिथून थोडं पुढे आमचं गॅरेज आहे. मे महिन्यात जोडून सुट्ट्या आल्या की बोनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या रोज दिसतात. त्यात एक प्रकारचं गिऱ्हाईक असं असतं की त्याच्यासाठी खरंच जीव तुटतो. "गेल्याच आठवड्यात रेडिएटर नवा टाकलाय हो." "थर्मोस्टॅट झाला, वॉटर पंप झाला, आता राहिलं काय?" हातात बिलं असतात, मागच्या सीटवर घामाघूम झालेली मुलं असतात, आणि पुढचा मेकॅनिक आणखी कुठला पार्ट सांगतोय या भीतीनं माणूस आधीच धास्तावलेला असतो.

अशा माणसाला मी पहिलं हेच सांगतो की आज कुठलाही नवा पार्ट घेऊ नका. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा बहुतेक गाड्यांत नवा पार्ट चांगलाच होता. बसवताना काहीतरी राहून गेलं होतं, नाहीतर मूळ दुखणं दुसरीकडेच होतं आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. म्हणून तपासणी सुरू करायची ती शेवटच्या झालेल्या कामापासून.

गरम नेमकी कधी होते?

"गाडी गरम होते" एवढ्यावर निदान होत नाही. कधी होते ते आठवा, जमलं तर कागदावर लिहा.

टोलच्या रांगेत किंवा सिग्नलला उभं असताना तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला वेग घेतला की खाली येतो, असं असेल तर रेडिएटरमधून हवा ओढली जात नाहीये. संशय फॅनवर.

याच्या उलट, उभ्या गाडीत सगळं ठीक पण ऐंशी-नव्वदच्या वेगाला किंवा घाटात चढावर गरम होते, म्हणजे इंजिनाला जेवढं पाणी फिरायला हवं तेवढं फिरत नाही, किंवा रेडिएटर तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) अर्धाच उघडणं, खालचा पाईप आत चिंबणं, पंपाचा पट्टा घसरणं, रेडिएटर आतून चोंदणं, हे सगळं इथे येतं.

काटा एकदम वर उसळतो आणि मिनिटभरात आपोआप खाली येतो, हीटर लावला तर गार हवा येते, डॅशबोर्डच्या मागून ओढ्यासारखी खळखळ ऐकू येते: सिस्टीममध्ये हवा अडकली आहे. आमच्या भाषेत गाडीनं एअर धरली. काम झाल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

थंड इंजिन चालू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच काटा वर, आणि खालचा पाईप मात्र गारच, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा पंप पाणी ढकलत नाही. रोज थोडं थोडं पाणी कमी होतं पण खाली थेंब दिसत नाही, सकाळी गाडी चालू केल्यावर मिनिटभरात वरचा पाईप दगडासारखा कडक होतो, तर हेडचं पॅकिंग, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधलं सील, गेलेलं असतं. त्याबद्दल शेवटी सविस्तर सांगतो, कारण तिथे घरगुती उपाय थांबतात.

अलीकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. अशी गाडी असेल तर पुढे स्कॅनरबद्दल लिहिलंय ते जरूर वाचा.

हात लावण्याआधी

इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असतं आणि केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि त्याच क्षणी ते उकळून तोंडावर येतं. हात आणि चेहरा भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. इंजिन बंद केल्यावर किमान पाऊण तास थांबा. वरचा पाईप दाबून पाहा, मऊ आणि कोमट लागला तरच झाकणाला हात लावा, तोही जाड फडकं ठेवून. चावी बंद असली तरी काही गाड्यांचा फॅन अचानक सुरू होतो, तेव्हा पात्यांपासून बोटं लांब ठेवा.

पाणी, कूलंट आणि झाकण

याला पैसे लागत नाहीत म्हणून इथून सुरुवात. बोनेटखालच्या बाटलीत 'मॅक्स'च्या रेषेपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत द्रव) दिसलं की माणूस निश्चिंत होतो. पण ज्या गाडीत रेडिएटरला वेगळं झाकण आहे तिथे बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं सर्रास होतं. गाडी थंड होताना रेडिएटरनं बाटलीतलं पाणी परत ओढून घ्यायचं असतं. झाकणाचा रबर खराब असेल किंवा बाटलीची बारीक नळी चिरलेली असेल तर तो पाण्याऐवजी हवा ओढतो. म्हणून थंड इंजिनावर रेडिएटरचंच झाकण काढून आत बघा. पाणी गळ्यापर्यंत हवं.

झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तो दाब आहे, बारमध्ये. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांला उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ लाच. १.१ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर तेच पाणी १२० च्या आसपास उकळतं, आणि कूलंट-पाणी निम्मं निम्मं असेल तर १२५ च्या पुढे. झाकण दाब धरत नसेल तर हा सगळा आधार जातो. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला पोचेपर्यंत पाणी उकळून बाटलीतून बाहेर येतं आणि दोष बिचाऱ्या नव्या रेडिएटरला लागतो. नवा रेडिएटर टाकताना जुनंच झाकण वापरलं असेल तर तेच आधी बदला. जुन्या आणि नव्या रेडिएटरच्या गळ्याची खोली जराशी वेगळी असली तरी झाकण नीट बसत नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याचंच झाकण घ्या. जास्त आकड्याचं लावलं तर जुने पाईप फुटतात.

आता कूलंट. कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यात निम्मं डिस्टिल वॉटर घालायचं असतं. "भारी माल आहे, तसाच ओता" म्हणून निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरलेल्या गाड्या येतात, आणि त्या गरम होतात, कारण पाण्याइतकी उष्णता वाहून नेणं कूलंटला जमत नाही. रेडीमिक्स असेल तर त्यात पाणी घालायचंच नाही. बोअरचं पाणी तर अजिबात नको. आमच्या भागात पातेल्यात बोअरचं पाणी उकळलं तर तळाला पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आणि जुनं हिरवं कूलंट थोडं आत राहिलेलं असताना वेगळ्या जातीचं नारिंगी किंवा गुलाबी वर ओतू नका. काही जाती एकत्र आल्या की आत चिकट साका होतो. रंगावर विसंबू नका, डब्यावरची माहिती वाचा, आणि शंका असेल तर सगळं काढून, डिस्टिल वॉटरनं धुऊन, नव्यानं भरा.

एअर काढणं

रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, पाईप, काहीही बदललं की सिस्टीम रिकामी होते आणि भरताना आत हवा राहते. ही हवा उंच जागी जाऊन बसते: थर्मोस्टॅटच्या घरात, हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये, कधी हेडमध्ये. थर्मोस्टॅट गरम पाण्यानं उघडतो. त्याच्याभोवती पाण्याऐवजी हवा असेल तर तो उशिरा उघडतो, तोवर इंजिन तापलेलं असतं. पंपाच्या पंख्यात हवा आली तर पंप नुसताच फिरतो, पाणी पुढे जात नाही. एवढ्या एका कारणानं चांगले पार्ट काढून पुन्हा नवे टाकलेले मी पाहिलेत.

घरी करता येतं, घाई मात्र चालत नाही. गाडी थंड असताना पुढची चाकं उतारावर वरच्या बाजूला येतील अशी उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहील. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर हळूवर ठेवा. एअर काढायचा छोटा स्क्रू असेल, बहुधा थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा वरच्या पाईपवर, तर तो सैल करा. कूलंट सावकाश ओता. स्क्रूमधून बुडबुडे न येता सलग धार लागली की तो घट्ट करा. मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करा, वरचा आणि खालचा पाईप हातानं अधूनमधून दाबत राहा, पातळी खाली जाईल तसं भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि खालचा पाईप गरम व्हायला लागतो. तिथपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. फॅन चालू होऊन बंद झाला आणि हीटरची हवा चटका देणारी गरम आली की झाकण लावा. झाकण उघडं असताना पाणी उसळायला लागलं तर इंजिन लगेच बंद करा आणि बाजूला व्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पुन्हा पातळी बघा. अर्धा-पाऊण लिटर आत जाणं नेहमीचं आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तेवढंच लागत असेल तर ती एअर नाही, कुठेतरी गळती आहे.

एक बारीक गोष्ट मेकॅनिक मंडळींसाठी: बऱ्याच थर्मोस्टॅटच्या कडेला एक हलणारी टिकली असते. ती हवा जाण्यासाठी आहे आणि उभ्या बसणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये ती वरच्या टोकाला यायला हवी. खाली आली तर तुम्ही कितीही वेळ एअर काढा, थोडी राहणारच.

फॅन फिरतोय, पण कुठल्या दिशेनं?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक कुटुंब महाबळेश्वरला निघालं होतं, गाडीत रेडिएटर आणि फॅन मोटर दोन्ही नवीन. उभ्या गाडीत फॅन जोरात फिरताना सगळ्यांना दिसत होता, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. मी रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वहीचा कागद धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता, पण तो माझ्या अंगावर उडाला. मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. फॅन हवा आत ओढण्याऐवजी पुढे फेकत होता. गाडी चाळीस-पन्नासच्या वेगात आली की समोरून येणारा वारा आणि फॅन एकमेकांशी भांडायचे आणि रेडिएटरमध्ये हवा जवळजवळ थांबायची. पिना अदलाबदल केल्या, दहा मिनिटांचं काम. तोवर त्या माणसाचे हजारो रुपये गेले होते.

म्हणून कागदाची चाचणी प्रत्येकानं करावी. एसी चालू केला की बहुतेक गाड्यांत फॅन लगेच सुरू होतो, नाही झाला तर फ्यूज आणि रिले (फॅनला वीज देणारा छोटा स्विच) बघा. शेजारच्या सारख्याच रिलेशी अदलाबदल करून पाहणं फुकटात होतं. दोन वेगांचा फॅन असेल तर मोठा वेग येतो का तेही बघा. जुन्या जीपसारख्या गाड्यांत इंजिनावर बसणारा फॅन असतो. तो काढून बसवताना कधी कधी पात्याची मागची बाजू पुढे येते, आणि हे वरवर पाहून लक्षात येत नाही.

फॅनच्या भोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण काम करताना तुटलं म्हणून काढून टाकतात. ते शोभेचं नसतं. ते नसेल तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळतो. रेडिएटरच्या कडांचे फोम आणि बंपरखालचा पत्राही तसेच महत्त्वाचे. आणि एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. ऊसतोडणीच्या दिवसांत आमच्याकडच्या गाड्यांच्या या फटीत पाचटाचा भुसा गादीसारखा भरलेला असतो. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो.

खरंच गरम आहे का?

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर गाडीच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक कॉम्प्युटर जोडतात त्या) लावून मोबाईलवर इंजिनाचं तापमान अंशांत वाचता येतं. मी प्रत्येकाला तो घ्यायला सांगतो. बहुतेक गाड्या ८५ ते १०० च्या दरम्यान चालतात, फॅन साधारण ९५ ते १०० च्या आसपास सुरू होतो. ११० ओलांडून आकडा वरच जात असेल तर गाडी बाजूला घ्या. मात्र स्कॅनरचा आकडा सेन्सरमधूनच येतो. नवा सेन्सर दुसऱ्या मॉडेलचा बसवला असेल तर तोही चुकीचं सांगेल. अशा वेळी तापमान मोजायची गन वापरा. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती कमी आकडा दाखवते, म्हणून काळ्या रबरी पाईपवर धरा. सकाळी रात्रभर थंड झालेल्या गाडीत स्कॅनर बाहेरच्या हवेच्या जवळचा आकडा दाखवत नसेल, तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरीचा.

गन हातात आहेच तर वरचा आणि खालचा पाईप मोजा. वरचा ९५ आणि खालचा ४०: पाणी फिरत नाही. दोन्ही जवळजवळ सारखेच गरम: पाणी फिरतंय, रेडिएटर थंड करत नाही. या दोन आकड्यांनी अर्धं काम वाचतं.

थर्मोस्टॅट, पट्टा, पंप

इथून पुढे पाना लागतो. ज्यांना सवय आहे त्यांनीच करावं.

थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, तितक्या अंशांला तो उघडायला लागतो. पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्यानं लटकवा, तळाला टेकू देऊ नका, गॅसवर ठेवा. पाणी उकळीला येईपर्यंत आठेक मिलिमीटर उघडला पाहिजे. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे असायला हवी. उलटा बसलेला थर्मोस्टॅट गरम पाणी त्याच्या मेणाच्या गोळीपर्यंत (ती तापून फुगली की तो उघडतो) पोचूच देत नाही. थर्मोस्टॅट काढून गाडी तशीच चालवा असा सल्ला देणारे खूप आहेत. मला तो पटत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं आणि गाडी जास्तच तापते.

पंपाचा पट्टा चुकीच्या मार्गानं घातला गेला तर पंप उलटा फिरतो. पाणी थोडं हलतं, म्हणून शंका येत नाही, पण चढावर पुरत नाही. बोनेटखालचं पट्ट्याचं चित्र आणि प्रत्यक्षातला पट्टा ताडून बघा. खालच्या पाईपमध्ये काही गाड्यांना आत स्प्रिंग असते. नव्या पाईपमध्ये ती नसेल तर इंजिन रेस केल्यावर पाईप आत चिंबतो. ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. पंपाला किंवा थर्मोस्टॅटच्या घराला ढीगभर सिलिकॉन फासलेलं असेल तर त्याचे तुकडे आत पडून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. आणि एकदा मला नव्या रेडिएटरच्या नळीच्या तोंडात वाहतुकीसाठी लावलेलं प्लॅस्टिकचं बूच तसंच सापडलं, वरून पाईप घालून क्लिप आवळलेली. तेव्हापासून माझ्याकडचा पोरगा नवा पार्ट खोक्यातून काढला की आधी सगळी बुचं मोजून ट्रेमध्ये ठेवतो.

इथे थांबा

यापुढचं रस्त्यावर किंवा घरी करायचं नाही. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात पाईप कडक होणं, झाकण काढल्यावर पाण्यात सतत बुडबुडे, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑईलच्या काडीवर दुधाच्या चहासारखा रंग, किंवा पाणी संपतं आणि गळती सापडत नाही, यातलं एकही दिसलं तर गाडी चालू करू नका. टोचन लावून न्या. हेडचं पॅकिंग गेलंय की नाही हे रंग बदलणाऱ्या निळ्या द्रवाच्या चाचणीनं हेड न उघडता कळतं. आधी ती करून घ्या, मगच हेड उघडायला परवानगी द्या.

हेड उघडलंच तर कामावर लक्ष ठेवा. सरळ पट्टी आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) हेड वाकलंय का ते मोजलं गेलं पाहिजे. बऱ्याच कारच्या इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटर एवढीच मुभा असते, त्यापुढे फेसिंग, म्हणजे हेडची बाजू घासून सपाट, करावं लागतं. ताणले जाणारे बोल्ट असतील तर ते नवेच हवेत आणि टॉर्क पान्यानं, मधून बाहेर अशा क्रमानं आवळायला हवेत. पॅकिंग उलटं बसलं तर पाण्याची भोकं झाकली जातात. टायमिंग बेल्टचं काम झाल्यावर गाडी तापायला लागली असेल, सोबत ओढही कमी झाली असेल, तर टायमिंग एखादा दात चुकलंय का ते तज्ज्ञाकडून तपासून घ्या. तेही स्वतः करायचं काम नाही.

वाटेत काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, खिडक्या उघड्या, आणि पहिली सुरक्षित जागा मिळेल तिथे थांबा. घाटाचा माथा जवळ आला म्हणून रेटू नका. इंजिन बंद करा, त्यावर किंवा आत गार पाणी ओतू नका, तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड तडकतं. आणि मेकॅनिककडे जाल तेव्हा हे सगळं सांगा: कुठला पार्ट कधी बदलला, जुनं खोकं किंवा बिल असेल तर तेही, कूलंट कुठलं आणि किती घातलं, किती कमी झालं, उभ्यानं तापते की चढावर, हीटर गरम येतो की गार. हे माझ्यासमोर आलं तर बऱ्याचदा बोनेट उघडण्याआधीच कुठे बघायचं ते ठरलेलं असतं.